म्हाताऱ्यांचा शब्द जमिनीला चालतो, शिक्षणाला का नाही?



बारावीचा निकाल लागला की पाड्यापाड्यावर एकच विचारणा, व्हॅलिडिटी आली का? मार्क पडतात, नर्सिंगला नंबरही लागतो, पण जात पडताळणीचा कागद वेळेत येत नाही आणि राखीव जागा हातची जाते.

समिती मागते बापाचा शाळेचा दाखला, आज्याची नोंद. 1950 च्या आधीचा कागद असेल तर त्याला सगळ्यात जास्त वजन. आमचा आजा शाळेत गेलाच नाही, त्याचा दाखला कुठून येणार? मग देव कोणते, लग्नाचे विधी कोणते ते विचारतात. म्हणजे पोराने बारावीचा अभ्यास करायचा आणि घरचे देवही पाठ करायचे! घरातलं जे पहिलं शिकतं, तेच कागदाला अडतं.

पडताळणीच नको असं आम्ही म्हणत नाही. बोगस आदिवासी आपल्या जागा खातात. 1994 ला सुप्रीम कोर्टाने समित्या नेमायला सांगितलं, 2001 ला राज्याचा कायदा झाला, तो यासाठीच. पण बोगसवाला कागद पैदा करतो आणि खरा रांगेत राहतो.

आता वनहक्काचं बघा. 2006 चा कायदा, 2008 चे नियम. दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब तिथे पुरावा धरतात. दावा आधी ग्रामसभेत येतो. मोर्चे तर झालेच, पण मसुदा वाचणारे, दुरुस्त्या लिहून देणारेही होते, म्हणून ही कलमं आत आली. शिक्षणासाठी आपली मागणी तशीच हवी. घरात पहिल्यांदा शिकणाऱ्याची चौकशी पाड्यावर, ग्रामसभेसमोर करा आणि म्हाताऱ्यांच्या जबाबाला पुरावा माना. खोटा माणूस ग्रामसभेपुढे उभाच राहणार नाही.

हे एका निवेदनाने होत नाही. शासन निर्णय वाचायचे, माहितीचे अर्ज टाकायचे, वसतिगृहाची यादी आणि शिष्यवृत्ती कुठे अडली ते धरून ठेवायचं. जनजाती सल्लागार परिषदेत साधारण तीन चतुर्थांश जागा आदिवासी आमदारांच्या असतात, त्यांना टिपण देऊन परत परत विचारायचं. यात वर्षं जातात. घरचे म्हणतात, पोरगं शिकलं आणि रिकामं फिरतं. तलाठी झालं तर नोकरी, आणि तालुक्यातल्या पोरांचे दाखले सोडवले तर रिकामं? आम्हाला हे पटत नाही. हे पूर्ण वेळेचं काम आहे, आणि त्याला पोट आहे.

म्हणून आमचं म्हणणं, तालुक्याला दोन कार्यकर्ते याच कामाला ठेवावेत. त्यात एक मुलगी पाहिजेच, वसतिगृहातल्या पोरी आपल्या अडचणी पोराला सांगत नाहीत. झोडणी झाली की घरटी एक पायली भात काढावा. हिशोब ग्रामसभेत वाचावा. बाहेरच्या संस्थेचा पैसा घेतला तर काम तिच्या मर्जीने चालेल, ते नको.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या पाड्यात कोणाची व्हॅलिडिटी अडकली आहे, त्याचं नाव, कॉलेज आणि अर्जाची तारीख लिहून आणा. पावती असेल तर झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा.