अस्सलपणाचा दाखला

मुंबईहून पुण्याला आगगाडीने जाणाऱ्याला ठाकुरवाडी हे नाव अगदीच अपरिचित नसावे. कर्जत मागे पडते, बोगद्यांची रांग सुरू होते आणि बोरघाटात कोठे तरी या नावाची पाटी खिडकीबाहेरून सरकून जाते. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत या नावाची वाडी एकच नाही, अनेक आहेत. गावाला नाव देवावरून पडते, झाडावरून पडते, ओढ्यावरून पडते. येथे ते राहणाऱ्या जमातीवरून पडले आहे. म्हणजे वाडीतला म्हातारा, त्याची सून, शाळेत जाणारी नात, या सर्वांची ओळख बाहेरच्या जगाने एका शब्दात उरकली: ठाकर.

या शब्दाचा त्यांना आधार किती आणि ओझे किती, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्याकडे दोन मते मात्र मोठ्या ठसक्याने मांडली जातात. पहिले असे की, जात आणि जमात हे शब्द आता पुरे झाले. माणसाने माणूस म्हणून जगावे. दुसरे असे की, आदिवासींची संस्कृती फार सुंदर आहे, ती शहरी वाऱ्यापासून जपली पाहिजे. गंमत अशी की ही दोन्ही मते पुष्कळदा एकाच तोंडातून निघतात, आणि तीही एकाच चकलीच्या दोन तुकड्यांच्या मध्ये. ठाकराचा मुलगा नोकरीच्या रांगेत उभा राहिला की त्याने जमात विसरावी, आणि पाहुण्यांसमोर नाचायला उभा राहिला की मात्र ती आठवावी!

राज्यघटनेने हा पेच जाणूनबुजून पत्करला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी, खेड्याला नव्हे तर व्यक्तीला घटक मानले आहे, याबद्दल समाधान व्यक्त केले होते. त्याच घटनेच्या ३४२ व्या कलमाने अनुसूचित जमातींच्या यादीची तरतूद केली. यात काही जणांना विसंगती दिसते. मला दिसत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या समूह म्हणून बाजूला ठेवले, त्याला व्यक्ती म्हणून उभे राहायला समूहाच्या नावानेच हात द्यावा लागतो. बिघडते ते यापुढे. हात देणारा त्या नावाचा मालक होऊन बसतो.

१९५६ सालच्या यादीत ठाकूर, ठाकर, का ठाकूर, मा ठाकूर ही नावे होती. पण त्यांच्यापुढे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या कर्जत, खालापूर यांसारख्या ठराविक तालुक्यांचे कुंपण होते. जमात जणू तालुक्याच्या शिवेवर येऊन संपत होती! १९७६ च्या कायद्याने हे कुंपण काढले आणि दुसरा प्रश्न उभा राहिला. ठाकूर हे आडनाव आदिवासी नसलेल्या समाजांतही आहे. तेव्हा केवळ नावाच्या आडोशाने कोणी राखीव जागेवर बसू नये, ही काळजी रास्तच होती. खोटा दाखला मिळवून नोकरी पटकावणारा मनुष्य सरकारला फसवतो, त्याहून अधिक तो डोंगरावरच्या त्या नातीचे बाक पळवतो. अशांना वेळ निघून गेली म्हणून अभय देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले, ते योग्यच झाले.

पण चोर पकडण्यासाठी लावलेली कसोटी कशी होती पाहा. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात दाखल्यांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली. तीत समित्या आल्या, दक्षता पथके आली, आणि ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ आली. तिला आप्तभावाची कसोटी म्हणू. तुमचे दैवत कोणते? लग्न कसे लावता? मयत पुरता की जाळता? उत्तरे ग्रंथातल्या वर्णनाशी जुळली तर तुम्ही ठाकर. समित्यांनी तपासाचे हे एक साधन पुष्कळदा अंतिम निवाडाच करून टाकले. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतल्या ठाकरांवर इंग्रजीत मोलाचा ग्रंथ लिहिला, तो १९६० साली प्रसिद्ध झाला. तो त्या काळच्या ठाकरांचे वर्णन करणारा ग्रंथ होता. पुढच्या पिढ्यांसाठी नेमलेले पाठ्यपुस्तक नव्हे.

वाचकहो, हीच कसोटी घटकाभर आपल्या घराला लावून पाहू. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायची कोकणातली रीत. यंदा तुमच्यापैकी किती जणांनी फोडले? किती मुलांनी कारीट डोळ्यांनी पाहिले आहे? उद्या कोणी साहेब दारात उभा राहून तुमचे गोत्र, कुलदैवत, वंशातल्या मुंजीचे विधी विचारू लागला आणि दोन उत्तरे चुकली म्हणून तुम्ही तुमच्या आजोबांचे नातू नाही असे लिहून गेला, तर? तुम्ही त्याला वेड्यात काढाल. ठाकराच्या मुलाला ती सोय नाही. त्याचे शिक्षण त्या शेऱ्यावर टांगलेले असते.

यातला क्रूर भाग वेगळाच आहे. त्या मुलाला पहिलीपासून आश्रमशाळेत कोण घालते? सरकार. घरापासून दूर ठेवून पुस्तकी मराठी, प्रार्थना, राष्ट्रीय सण कोण शिकवते? सरकार. आणि दहा-बारा वर्षांनी, ‘तुझ्या आज्याच्या रीतीभाती तुला का ठाऊक नाहीत?’ असे कोण विचारते? तेही सरकारच! शिकला म्हणून परका ठरायचे आणि अडाणी राहिला तर अस्सल, हा कोठला न्याय?

न्यायालयाला हे उमगायला वेळ लागला. स्थलांतर, आधुनिक राहणी आणि इतर समाजांशी संपर्क यांमुळे जमातींच्या चालीरीती बदलतात, हे त्याने २०११ साली मान्य केले. २४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात त्याने स्पष्ट केले की, आप्तभावाची कसोटी ही निर्णायक कसोटी नव्हे. अमेरिकेतही मूळ रहिवाशाच्या अंगात रक्ताचा कितवा हिस्सा जमातीचा, असे अपूर्णांक मांडणारे सरकारी दाखले निघत आले. माणसाला मोजायचा सोस एकट्या महाराष्ट्राचा नाही.

आणि आपण वाचकही यात निर्दोष नाही. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ १९६५ साली आली, तिचा चित्रपट १९७७ साली झाला. दोन्ही कृती सुंदरच. पण आपल्यातल्या कित्येकांचा ठाकर तेथेच थांबला आहे. ढोल वाजवणारा, पोळ्याला हात घालणारा ठाकर आपल्याला आवडतो. पाठीवर दप्तर घेतलेला दिसला की आपल्याला हळहळ वाटते. ही हळहळ प्रेमाची नाही, आपली करमणूक हिरावल्याची आहे. जमातीतल्या पुढाऱ्यांनीही सावध असावे. मुलीने बाहेर लग्न केले, मुलाने रीत मोडली, की ‘हा आपला नव्हे’ म्हणणारे तोंड समितीचीच भाषा बोलत असते.

जिथे अस्सलपणाबद्दल कोणालाच शंका नव्हती, तेथे काय झाले तेही पाहू. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी होती, ठाकरांचीच. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर तिच्यावर कोसळला. मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीला जाणाऱ्यांना चिखलातून पायी चढावे लागले. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसे मिळालीच नाहीत. शोध थांबला आणि ती मृत धरली गेली. त्यांचे दैवत कोणते हे सांगणारे ग्रंथ आपल्यापाशी होते. त्यांच्या दारापर्यंत रस्ता नव्हता.

म्हणून मागणे साधे आहे. तपासणी अवश्य करा, पण वंशावळीची, शाळेच्या दाखल्याची, जुन्या महसुली नोंदीची करा. त्या नोंदी सरकारच्या दप्तरात असतील तर शोधण्याचे काम सरकारचे. ज्याच्या सख्ख्या काकाची पडताळणी रीतसर चौकशी होऊन पार पडली आहे, त्याला पुन्हा परीक्षेला बसवू नका. आणि ठाकराच्या नातीने ढोलावर नाचावे की प्रयोगशाळेत बसावे, की सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे करावे, हे तिचे तिला ठरवू द्या. तिची जमात तिला आईबापांकडून मिळाली आहे. ती कोणासमोर वठवून दाखवायची भूमिका नाही.