शिक्का मारला, प्रश्न उरला

डाव्या चळवळीच्या परिभाषेत प्रतिपक्षासाठी जेवढे शब्द आहेत, त्याहून कितीतरी अधिक शब्द स्वकीयांसाठी आहेत. सुधारणावादी, संधिसाधू, साहसवादी ही नामावली भांडवलदारांनी रचलेली नाही. सोबत्यांनीच ती एकमेकांच्या माथी मारली आहे. भांडवलशाहीचे काय करावयाचे, हा मतभेद वस्तुतः गंभीर व आवश्यक आहे. परंतु युक्तिवादाची जागा शिक्क्याने घेतली की मतभेद मिटत नाही, संघटना मात्र फुटते.

१९२९ साली नागपुरात जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेले अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन याची साक्ष देते. सरकारने नेमलेल्या शाही कामगार आयोगावर बहिष्कार घालावा काय, हा तेथील एक प्रमुख वाद होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी आदल्याच वर्षी सहा महिने संप लढवला होता आणि त्यांच्या अनेक नेत्यांना मीरत खटल्यात गोवण्यात आले होते. नेत्यांना तुरुंगात डांबणाऱ्या सरकारच्या आयोगाला साहाय्य का करावे, हा सवाल रास्तच होता. उलट, आयोगाचे सभासद असलेले ना. म. जोशी आणि त्यांचे नेमस्त सहकारी कायद्याने मिळेल तेवढे पदरात पाडून घ्यावे, या मताचे होते. तेही पोकळ नव्हते. आयोगाच्या अहवालानंतर १९३४ चा कारखाना कायदा आणि १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला.

दोन्ही मतांना एका संघटनेत जागा असू शकली असती. पण एक बाजू सुधारणावादी ठरली, दुसरी मॉस्कोची अंकित. बहिष्काराचा ठराव संमत होताच नेमस्त बाहेर पडले. १९३१ साली कलकत्त्याला दुसरी फूट पडून लाल ट्रेड युनियन काँग्रेस निघाली. जागतिक मंदीत गिरण्यांत पगारकपात होत असता कामगारांच्या नावाने तीन मध्यवर्ती संघटना उभ्या होत्या! फाटलेले शिवून घ्यावयास १९४० साल उजाडले, आणि जोशी पुन्हा त्याच संघटनेचे सरचिटणीस झाले.

जर्मनीत याच वृत्तीची किंमत भयंकर ठरली. कम्युनिस्टांनी सोशल डेमोक्रॅटांना 'सोशल फॅसिस्ट' म्हटले. सोशल डेमोक्रॅटांचे हातही स्वच्छ नव्हते. १९२९ च्या मे दिनी बर्लिनमध्ये त्यांच्याच पक्षाच्या पोलीसप्रमुखाच्या अमलाखाली निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तथापि नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना १९६ जागा मिळाल्या, तर या दोघांना मिळून २२१. केवळ या बेरजेने हिटलर अडला असता असे नव्हे. पण ती बेरीज करावयासही कोणी धजले नाही. पुढच्याच वर्षी दोघांचेही कार्यकर्ते एकाच छळछावणीत पोहोचले.

सहिष्णुता म्हणजे मतभेदावर पांघरूण घालणे नव्हे. भांडवलशाहीला कायद्याने वेसण घालता येते आणि ती मुळातूनच बदलावी लागते, ही दोन भिन्न विधाने आहेत. त्यांची परीक्षा मजुरी, कामाचे तास आणि नोकरीची शाश्वती यांच्या कसोटीवर व्हावी. माणसाच्या कपाळावरील नाममुद्रा पाहून नव्हे.

१९३६ चा तो वेतन कायदा २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला. नव्या कामगार संहितांविरुद्ध २६ नोव्हेंबर २०२० रोजी देशव्यापी संप झाला, तेव्हा वेगवेगळ्या पक्षांशी नाते सांगणाऱ्या दहा मध्यवर्ती संघटना एकत्र आल्या. त्यांचे तात्त्विक मतभेद त्या दिवशी संपले नव्हते. ते न संपताही एकत्र चालता येते, एवढे ध्यानी घेतले तरी नागपूरचा धडा वाया गेला नाही, असे म्हणता येईल.