फणेरपेटीतील कुंचले

या सदरात मी साहित्याविषयी चार शब्द लिहावेत अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती मी दर दिवाळीला थोडीफार मोडते. यंदा अगदीच मोडणार आहे. यंदाचा विषय आहे तोंडाला रंग लावायचे ब्रश. माझे विद्यार्थी हा अंक वाचतात हे मला ठाऊक आहे. खुशाल वाचोत आणि हसोत.

हसण्याचे कारण असे की, या बाबतीत माझी ख्याती फार वाईट आहे. इतकी वर्षे मी वर्गात उभी राहते ती पावडरचा एक हात, एक टिकली आणि घाईघाईत पिळलेला अंबाडा एवढ्या भांडवलावर. मागच्या बाकावर कुणी आरसा धरून बसलेली दिसली की मी शाकुंतल काढते, आणि कालिदासाच्या नायिकेला साधे वल्कलही कसे शोभून दिसत होते ते ऐकवते. मुली ऐकून घेतात. आरसा तेवढा वहीखाली जातो.

अशा माझ्याकडे श्रावणाच्या तोंडावर धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, मला भुवया काढायला शिकव."

तिचे आजारपण फाल्गुनात निघाले होते. शस्त्रक्रिया झाली, मग केमोथेरपीचे फेरे झाले. डोक्यावरचे केस गेले तेव्हा ती फारशी डगमगली नाही. टोप आणला, रुमाल बांधले, भाच्याने तिचे 'टकलू हैवान' असे नावही ठेवून पाहिले आणि धपाटा खाल्ला. पण शेवटच्या फेऱ्यांत भुवया गेल्या, पापण्यांचे केस गेले, आणि ते तिला सोसले नाही. भुवया गेल्यावर चेहऱ्यावरचा भावच पुसला जातो. माणूस हसते की रागावते ते समोरच्याला चटकन कळत नाही. पुढल्या सोमवारी तिला बँकेत हजर व्हायचे होते. तिची जागा काउंटरवर आहे, आणि आमच्या पुण्यात काउंटरपलीकडचा माणूस पैसे मोजून झाल्यावरही दोन मिनिटे उभा राहतो.

"ताई, मला सुंदर नाही दिसायचं," ती म्हणाली. "फक्त कुणी आवाज खाली आणून 'कशी आहेस गं?' असं विचारू नये, एवढंच."

यावर शाकुंतल उपयोगी नव्हते.

मी आज्ञाधारकपणे बाजारात गेले आणि जे अज्ञानी माणसे करतात तेच केले. सर्वांत जास्त नग असलेला संच विकत घेतला. चोवीस ब्रश, गुलाबी गुंडाळी, वर सोनेरी बंद. दुकानदाराने तो उलगडला तेव्हा एखाद्या शल्यविशारदाची हत्यारे मांडल्यासारखे वाटले. घरी येऊन आम्ही दोघी आरशापुढे बसलो. पहिल्याच ब्रशाने तिच्या गालावर आपले आठदहा केस ठेवून दिले. दुसऱ्याचे डोके दांड्यातून निसटून तिच्या मांडीवर पडले. आम्ही पोट धरून हसलो. तिसऱ्याचा एक केस तिच्या डोळ्यात गेला. पापणीचे केस नसले की डोळ्याला कुंपणच उरत नाही, हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागले. आणि वाहू लागलेले पाणी केस निघाल्यावरही थांबले नाही. मी गुंडाळी बांधून कपाटात टाकली. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. तिच्या डॉक्टरांनी संसर्गाला जपा असे बजावले होते, आणि मी मोठ्या बहिणीच्या अधिकाराने तिच्या डोळ्यात कचरा घातला होता.

दुसऱ्या दिवशी आठवण झाली ती आमच्या रंगभूषाकार काकांची. कॉलेजच्या संमेलनाला आणि एकांकिकांना मुलांची तोंडे रंगवायला ते वर्षानुवर्षे येतात. आता साठी उलटली आहे. त्यांच्या पत्र्याच्या पेटीला रंगपटातली पोरे भिऊन असतात. मी चोवीस ब्रशांची कथा सांगितली. काका म्हणाले, "बाई, मी आयुष्यात विशीतल्या पोरांचे सत्तरीतले आजोबा केले, तेही पाचसहा ब्रशांवर. घरच्या माणसाला रोजच्यासाठी चार म्हणजे डोक्यावरून पाणी."

मग त्यांनी मला जे शिकवले ते मी वहीत उतरवून घेतले. जन्मभर दुसऱ्यांना टिपणे देणाऱ्या बाईला हा अनुभव नवा होता.

पहिली गोष्ट दांड्याची. लांब दांड्याचा ब्रश दुसऱ्याचे तोंड रंगवणाऱ्यासाठी. तो हातभर लांब उभा असतो. आपण आरशाला नाक लावून बसतो, आपला दांडा आखूड हवा, नाही तर तो काचेवर आपटतो. दांडा आणि केस यांना धरून ठेवणारी धातूची गळपट्टी असते. ती चिमटीत धरून हलवून पाहावी. खुळखुळली की परत द्यावा. मग केस चिमटीत धरून हलकेच ओढावेत. नव्या ब्रशाचा एखादा केस सुटतो, त्याचे काही नाही; पण बोटांत झुपका आला तर तो घरी आणू नये. शेवटी ब्रश हाताच्या पाठीवर दाबून गोल फिरवायचा. केसांची टोके कात्रीने सरळ कापलेली असली तर ती टोचतात. निमुळती असली तर नुसता स्पर्श कळतो. नाजूक कातडीला हा फरक मोठा.

या निमुळत्या टोकांची एक गोष्ट सांगते. जपानात हिरोशिमाजवळ कुमानो नावाचे गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या अक्षरे रेखण्याचे कुंचले करतात, आणि पुढे तेच हात तोंड रंगवण्याच्या कुंचल्यांकडे वळले. तिथला कारागीर केसांची टोके कापत नाही. लाकडी साच्यात केस उलटे बसवून ब्रशाला आकार देतो, म्हणजे प्रत्येक केसाचे जन्मजात टोक शाबूत राहते. २०११ साली जपानच्या मुलींनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारने सन्मानाबरोबर त्यांना भेट दिली ती कुमानोच्या ब्रशांची. खेळाडूंना ब्रश! पण ते कसे बनतात हे कळल्यावर मला त्यात काही विनोदी वाटेनासे झाले.

काकांच्या टिपणांसह मी तुळशीबाग गाठली. तिथे माझी भाषेची खोड आड आली. "हे केस कुणाचे?" मी विचारले. विक्रेता मुलगा म्हणाला, "नॅचरल आहेत, मॅडम." "नॅचरल म्हणजे कुणाचे?" तो गोंधळला. मी उगाच भांडत नव्हते. बकरी, घोडा, खार अशांचे केस ब्रशांत वापरतात. आपल्याकडची लघुचित्रे खारीच्या शेपटीच्या केसांनी रंगवली गेली. चित्रकारांच्या ब्रशांसाठी आपल्या देशात मुंगसेही मारली जात आली आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे, तरी चोरून चालतो. आणि ज्याला कॅमल हेअर म्हणतात त्यात उंटाचा एक केस नसतो, बहुधा खारीचाच असतो. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा!

सुदैवाने आमच्या कामाला प्राण्याचा केस नकोच होता. त्याच्या अंगावर बारीक खवले असतात, त्यांत भुकटी छान धरली जाते. पण पातळ रंग तो पिऊन टाकतो, धुतला की सावकाश वाळतो. नायलॉनसारखा कृत्रिम केस रंग पीत नाही, वारंवार धुता येतो, लवकर वाळतो. शिवाय आता तो भुकटीसाठीही पुरेसा मऊ निघतो. सारखे धुणे ज्या घरात सक्तीचे, तिथे कृत्रिमच बरा.

म्हणून चार ब्रश आणले. एक मोठा गोल, पावडरीचा. दुसरा त्याहून जरा लहान, गालाच्या लालीचा. आजारी कातडीचा राखाडीपणा त्याच्या दोन फटकाऱ्यांनी मोडतो, तिसरा मारू नये. पेन्सिलीच्या टोकासारखा एक चिमुकला, पापणीच्या कडेला गडद तपकिरी भुकटी टेकवायला. पापणीचे केस नसले तरी त्या सावलीने डोळ्याला कड येते. पातळ रंगाचा चपटा ब्रश मी उचलला होता, तो काकांचा शब्द आठवून खाली ठेवला. डोळ्यांखालची काळी वर्तुळे झाकायला बोटच उत्तम, कारण बोटाच्या उबेने रंग वितळून कातडीत बसतो. आणि बोट कुठले? अनामिका, कारण तिचा दाब सर्वांत हलका. आमची आजी फणेरपेटीचे झाकण उभे करून, आधी मेण आणि मग कुंकू लावायची ते याच बोटाने. ब्रशावाचून तिचे कधी अडले नाही.

पण खरा मुद्दा चौथा ब्रश, भुवईचा. कडक केसांचा, पातळ, टोक तिरके छाटलेले. दांड्याच्या दुसऱ्या बाजूला बाटली धुण्याच्या ब्रशाची नात शोभेल असा गोल कुंचा. तो वापरायची रीत अशी. दांडा नाकपुडीच्या कडेला उभा टेकवायचा. तो डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून वर जाईल तिथे भुवईचा आरंभ. तोच तिरका करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेला की तिथे शेवट. कमान बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या जरा पलीकडे. तीन ठिपके द्यायचे आणि मधली जागा आडव्या रेघेने भरायची नाही. केस जसे उगवतात तशा बारीक बारीक रेघा आतून बाहेर ओढायच्या. भुकटी काळी नको, तपकिरी हवी. शेवटी गोल कुंचा फिरवून कडा मऊ करायच्या. "दोन्ही भुवया जुळ्या बहिणी करू नका," काकांनी बजावले होते, "नुसत्या बहिणी असू द्या. खऱ्या माणसाच्या तशाच असतात."

शनिवारी आणि रविवारी आम्ही सराव केला. शनिवारी ती सतत चकित झाल्यासारखी दिसत होती. रविवारी सकाळी डावी जमली, उजवी रुसली. संध्याकाळी तिने माझ्या हातून ब्रश काढून घेतला आणि स्वतःच रेघा ओढू लागली. मी मागे उभी राहून आरशात पाहत होते. हळूहळू तिचा चेहरा परत आला. माझ्याशी भांडतानाचा तो जुना, किंचित वर चढलेला उजवा कोपराही आला. मी काही बोलले नाही. तीही नाही.

धुण्याची शिस्त तिने माझ्याहून कडक पाळली. त्वचेचे डॉक्टर सात ते दहा दिवसांनी ब्रश धुवावेत असे सांगतात. ती डोळ्यांचे दोन रोज धुई. कोमट पाणी, लहान मुलांचा शांपू, टोक खाली. गळपट्टीत पाणी शिरले की आतला डिंक सुटतो, म्हणून ब्रश पाण्यात बुडवून ठेवायचा नाही आणि ओला पेल्यात उभाही करायचा नाही. टॉवेलवर आडवा, टोक टेबलाच्या कडेबाहेर. आणि आपला ब्रश दुसऱ्याला द्यायचा नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. सकाळपासून एकाच माणसाने विचारपूस केली होती. एक पेन्शनर आजोबा चष्मा वर करून म्हणाले होते, "बदली झाली होती का हो तुमची? बरेच दिवस दिसला नाहीत." तिने "हो" म्हणून सांगितले.

आता तिच्या भुवया उगवल्या आहेत; विरळ, पण स्वतःच्या. दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचे आहे, आणि पुढली तारीख भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात आहे. परवा ती फराळाचे डबे घेऊन आली. चकलीच्या डब्यावर कागदात गुंडाळलेले काहीतरी होते. सोडून पाहते तो तिरक्या टोकाचा एक ब्रश, कोरा करकरीत, आमच्याच तुळशीबागेतल्या दुकानातला.

"तुझ्यासाठी वेगळा आणलाय," ती म्हणाली. "आरशात बघ जरा. तुझ्या डाव्या भुवईचं शेपूट कधीच गेलंय, ताई."