सत्तरी गाठली? मग कार्डासाठी आजारपणाची वाट नको

‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढायचे कधी? ‘लागेल तेव्हा बघू’ हे उत्तर अनेक घरांत ऐकू येते. ते महागात पडू शकते.

29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. प्रतीक्षा कालावधी नाही, जुने आजारही पहिल्या दिवसापासून ग्राह्य. या सोयीमुळेच लोक निर्धास्त राहतात. पण नोंदणी आधारवर चालते. वय आधारवरचेच धरले जाते. जन्मतारीख चुकलेली, मोबाइल क्रमांक बंद पडलेला, बोटांचे ठसे पुसट झालेले, या अडचणी रुग्ण अतिदक्षता विभागात असताना सोडवायच्या कशा? म्हणून आधारची दुरुस्ती एकोणसत्तराव्या वर्षीच उरकावी आणि सत्तरी पूर्ण होताच कार्ड काढावे. ‘आयुष्मान’ अॅपवरून नातवंडेही ते काढून देऊ शकतात. चौकशीसाठी 14555 हा क्रमांक आहे.

केंद्र सरकारच्या निवृत्तांनी आणि माजी सैनिकांनी मात्र घाई करू नये. त्यांना सीजीएचएस किंवा ईसीएचएस आणि ही योजना यांतून एकच निवडावी लागते. त्या योजनांत बाह्यरुग्ण तपासणी व नेहमीची औषधेही मिळतात. आयुष्मानचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. रक्तदाब, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात भागत नाही.

खासगी विमा असणाऱ्यांना दोन्ही ठेवता येतात, आणि ते ठेवावेत. घरात पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर 5 लाखांची रक्कम दोघांत मिळून असते. शिवाय उपचार अंगीकृत रुग्णालयांतच मिळतात. जवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे, हे आधीच पाहून ठेवावे. निवृत्ती 58 किंवा 60 व्या वर्षी येते, हे कार्ड सत्तरीनंतर. मधल्या दहा-बारा वर्षांत खासगी विम्याचा हप्ता चुकवू नये.

खरे तर जन्मतारीख सरकारदरबारी नोंदलेली असते. मग सत्तरीच्या आधी घरी सूचना का येऊ नये? हक्काची माहिती रुग्णालयाच्या बिल खिडकीवर मिळणे ही व्यवस्थेची उणीव आहे. ती दूर होईपर्यंत घरातल्या तरुणांनीच आजी-आजोबांच्या सत्तरीचा दिवस लक्षात ठेवावा.