घोषणा सॅन फ्रान्सिस्कोत, परिणाम दिल्लीत

अर्थसंकल्पी अधिवेशनात कोणत्या मंत्रालयाच्या वाट्याला किती निधी आला, याचा राजधानीत बराच खल होतो. मात्र त्याच मंत्रालयातील संगणक पुढील काळात कोणत्या प्रणालीवर चालणार आणि जुन्या प्रणालीला संरक्षण कुठवर मिळणार, हे कळते ते निराळ्याच सभागृहात. तेथे लोकप्रतिनिधी नसतात, प्रश्नोत्तराचा तास नसतो आणि लक्षवेधी सूचनाही मांडता येत नाही. मायक्रोसॉफ्टची ‘इग्नाइट’ ही वार्षिक परिषद हे अशा सभागृहाचे ठळक उदाहरण आहे.

मोठ्या संस्थांचे संगणक सांभाळणारे तंत्रज्ञ आणि सॉफ्टवेअर घडविणारे अभियंते यांच्यासाठी १९९३ मध्ये ओरलँडो येथे ‘टेकएड’ या नावाने हा उपक्रम सुरू झाला. २०१४ मध्ये ते नाव मागे पडले आणि मे २०१५ मध्ये शिकागोत ‘इग्नाइट’ अवतरली. नोव्हेंबर २०२५ मधील सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत सारा भर होता तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंटां’वर, म्हणजे कर्मचाऱ्याच्या वतीने परस्पर कामे उरकणाऱ्या प्रणालींवर. नोएडा-गुरुग्राममधील मराठी अभियंत्यांसाठी अशी परिषद व्यवसायाची दिशा दाखवते. सरकारी बाबूला मात्र तिचे नावही ठाऊक नसते. तरीही दोघांच्या टेबलावरील यंत्राचे भवितव्य तेथेच उलगडते.

व्यासपीठावरील शब्दाला किती किंमत द्यावी, याचा धडा शिकागोच्या पहिल्याच परिषदेने दिला आहे. विंडोज १० ही विंडोजची अखेरची आवृत्ती असेल, असे कंपनीच्या एका तंत्रज्ञाने तेथे सांगितले आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली. तिच्यासाठी संगणकात विशिष्ट सुरक्षा चिप आवश्यक असल्याने असंख्य सुस्थितीतील जुनी यंत्रे अपात्र ठरली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित समर्थनही संपले. यात कंपनीने कोणता कायदा मोडला, असे म्हणता येणार नाही. व्यासपीठावरील वाक्य म्हणजे करार नव्हे. परंतु सरकारी खरेदीचे चक्र पाच-सात वर्षांचे असते आणि निविदा काढणाऱ्याला याचे भान नसेल, तर भुर्दंड अखेर करदात्यालाच पडतो.

खर्चाहून गंभीर प्रश्न आहे तो नियंत्रणाचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियाविरुद्ध निर्बंधांचा नवा संच जाहीर केला. त्यात गुजरातमधील वाडिनार येथे वार्षिक दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणारी नायरा एनर्जी ही कंपनी होती. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सेवा अचानक थांबविल्याची तक्रार घेऊन नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. दरम्यानच्या काळात ई-मेलसाठी तिला मुंबईच्या रेडिफचा आधार घ्यावा लागला. भारताने हे निर्बंध स्वीकारलेले नव्हते, सेवेचे शुल्क भरलेले होते आणि तरीही ब्रुसेल्समधील निर्णयाची झळ वाडिनारच्या कार्यालयाला बसली. उद्या हीच वेळ एखाद्या बंदरावर, बँकेवर वा मंत्रालयावर आली तर?

हा अनुभव देशाला सर्वस्वी नवा नाही. जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकीय भागभांडवलाच्या अटीवरून आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला. पुढे अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास खळखळ केली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. नकारातून आपण निर्मिती करतो, हा या इतिहासाचा अभिमानास्पद भाग. नकार येईपर्यंत आपण स्वस्थ बसतो, ही त्याची दुसरी बाजू.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने कर्मचाऱ्यांना झोहोची कार्यालयीन साधने वापरण्याचा आदेश दिला आणि गृहमंत्री अमित शहा यांनीही आपला ई-मेल झोहोकडे नेला. ही कंपनी भारतीय आहे, तिला भारतीय कायदा लागू आहे आणि तिच्याविषयी भारतीय संसदेत जाब विचारता येतो. हा फरक लहान नव्हे. तथापि, एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे जाणे म्हणजे स्वायत्तता नव्हे. स्वदेशी कंपनीही उद्या दर वाढवू शकते, विकली जाऊ शकते वा कोलमडू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या तिसऱ्याच कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक ठप्प केले आणि भारतीय विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. त्यामागे निर्बंध नव्हते की राजकारण. एकाच खांबावर घर उभारल्याचा तो परिणाम होता. खांब स्वदेशी असता, तरी छत तसेच खाली आले असते.

म्हणून खरा आग्रह हवा तो करारनाम्याचा. सेवा खंडित करण्यापूर्वी किती दिवसांची नोटीस मिळेल, माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल आणि दुसऱ्या प्रणालीकडे जाण्याचा खर्च कोण सोसेल, ही कलमे प्रत्येक मोठ्या सरकारी करारात असली पाहिजेत. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्राने २०१० मध्ये आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण २०१५ मध्ये स्वीकारले. त्यांची अंमलबजावणी कोणत्या खात्याने किती केली, याचा हिशेब माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने मागावा. बहुतांश खात्यांच्या अनुदानमागण्या सभागृहात चर्चेविनाच गिलोटिनखाली जात असताना हे काम समितीखेरीज कोण करणार?

आपले अधिकारी सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ नयेत, असा याचा अर्थ नाही. त्यांनी अवश्य जावे. पण टाळ्या वाजविणारे प्रेक्षक म्हणून नव्हे, तर प्रश्नांची यादी खिशात घेतलेले मोठे ग्राहक म्हणून. ती यादी तयार करण्याची जागा मात्र दिल्लीच आहे. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२५ मध्ये भारतात साडेसतरा अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा केली आहे. गुंतवणूकदार दारी आलेला असताना अटी घालण्याची ताकद सर्वाधिक असते. करारावर सही झाल्यावर उरते ती केवळ विनंती.