मुलीला कुणाकडे ठेवलंस?

२०२४ च्या सप्टेंबरात समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी इंग्लंडला गेले. मुलगी चार वर्षांची. तिला साताऱ्याला आईकडे ठेवले. सुट्टीत घरी आले की अभ्यासाबद्दल कुणी विचारीत नसे. प्रश्न एकच : “एवढ्याशा पोरीला टाकून कशी गं राहतेस?” माझ्या वर्गातल्या नाशिकच्या मित्राचा मुलगा तीन वर्षांचा. त्याला मात्र हे कुणी विचारले नाही.

मुलीला मी टाकले नव्हते. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ब्रिटन सरकारने नियम बदलला. संशोधनाच्या पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्तीवर आलेले विद्यार्थी सोडले, तर परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुले सोबत नेता येत नाहीत. कागदावर नियम दोघांनाही सारखाच. पण बाप निघाला की मूल आईजवळ असतेच. आई निघाली की आजी, मावशी शोधावी लागते. ती नसेल तर बाई अर्जच भरत नाही, आणि असा न भरलेला अर्ज कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. नवरा, आईवडील, भाऊ, कुणीच उरले नव्हते. दोन वर्षांच्या मनोरमेला त्यांनी सोबत नेले. आज त्यांनी तिला कुणाकडे ठेवले असते?

माझी पदवी आईच्या कष्टांवर उभी आहे. तेव्हा मैत्रिणींनो, ‘मुलाचे काय?’ हे जरूर विचारू या. पण नियम करणाऱ्या सरकारला आणि घरातल्या बापालाही.