टोपीखालचा चेहरा

सातारा-सांगलीकडच्या बहुतेक शाळांच्या कार्यालयात मान वर केली की भिंतीवर ठरलेली मंडळी दिसतात: कर्मवीर भाऊराव पाटील, क्रांतिसिंह नाना पाटील, यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील. जयंती आली की यांतले एखादे चित्र फळ्यावर नाहीतर कार्डशीटवर काढायचे काम वर्गातल्या हुशार हाताच्या मुलाकडे येते. भाऊराव जमतात, पांढरीशुभ्र दाढी आली की काम भागते. पंचाईत होते चव्हाण आणि वसंतदादांची. दोघांच्याही डोक्यावर पांढरी गांधी टोपी. टोपी नेमकी उतरते, पण टोपीखाली कोण आहे ते नाव लिहिल्याशिवाय कळत नाही. यात मुलाचा हात कच्चा आहे असे मुळीच नाही. त्याला टोपी शिकवली गेली, चेहरा शिकवला गेला नाही. चेहरा आपण शिकवतोच तर सुट्या भागांच्या दुकानासारखा: डोळा वेगळा, नाक वेगळे, ओठ वेगळे, आणि तेही छापील पुस्तकावरून किंवा मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओवरून. समोर जिवंत माणूस बसवल्याशिवाय नाकीडोळी हाताला लागत नाहीत, आणि ही सोय आपल्या शाळांनी करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

डोळ्याचेच घ्या. पाठ केलेला डोळा म्हणजे बदामाचा आकार, त्यात पूर्ण गोल, वर एकेक पापणीचा केस. समोरच्या माणसाकडे पाहिले तर यातले फारसे काही खरे निघत नाही. वरच्या पापणीला जाडी असते आणि तिची सावली डोळ्याच्या पांढऱ्यावर पडते, म्हणून ते पांढरे कागदाइतके पांढरे कधीच नसते. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो. तो पूर्ण गोल काढला की शांत बसलेला माणूस दचकल्यासारखा दिसतो. डोळ्यांची जागा टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या अंतराच्या जवळजवळ मध्यावर असते, पण मुले डोळे हटकून वर सरकवतात. कपाळावर आणि केसांत पाहण्यासारखे काही नाही असे मन समजते आणि तेवढी जागा परस्पर कापून टाकते. नाकाला कडेची रेघ नसतेच, तिथे फक्त उजेड संपतो आणि सावली सुरू होते. आता माण-खटावातला एखादा दात गेलेला म्हातारा डोळ्यांसमोर आणा. पागोट्याने कपाळ अर्धे झाकले आहे, गालफाडाच्या हाडाखाली गाल आत ओढला गेला आहे, जिवणी आत वळली आहे आणि हनुवटी नाकाकडे वर सरकली आहे. नाकापासून हनुवटीपर्यंतचे पुस्तकी माप इथे चालत नाही. ज्याने ओठ सुटा शिकला आहे तो या म्हाताऱ्याला पंचविशीतले ओठ चिकटवतो आणि मग वय दाखवायला वर सुरकुत्यांच्या रेघा ओढत बसतो. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन कलाशिक्षिकेने 1979 साली याच दुखण्यावर पुस्तक लिहिले: आपण दिसते ते काढत नाही, माहीत असते ते काढतो. त्यांचा मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांचा सिद्धांत शास्त्रज्ञांनी फारसा मानला नाही. पण चित्र उलटे धरून काढण्यासारखे त्यांचे सराव टिकले, कारण उलट्या चेहऱ्यात डोळा डोळा म्हणून ओळखू येत नाही आणि नाइलाजाने आकारच पाहावा लागतो.

पाहून शिकण्याची ही परंपरा आपल्याकडे बाहेरून आणायची नाही. खटाव तालुक्यात औंधच्या टेकडीवर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण 1916 साली प्रसिद्ध झाले आणि हे संग्रहालय त्यांनी 1938 साली उभे केले. तिथे रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत आणि युरोपातल्या जुन्या चित्रांच्या हाताने केलेल्या प्रतीही आहेत. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आज वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखले जातात, पण ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले व्यक्तिचित्रकार होते. हैदराबाद आणि लाहोरला चित्रकलेवर पोट भरून मग ते औंधला आले. त्यांच्या हाताखाली चित्रकला शिकलेले शंकरराव किर्लोस्कर पुढे किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर’ मासिक चालवू लागले आणि त्यात व्यंगचित्रेही काढू लागले. व्यंगचित्रात नाक किती ताणायचे हे ज्याला खरे नाक कुठे संपते ते माहीत असते त्यालाच जमते.

इथे पहिला आक्षेप येतो: नक्कल करून शिकण्यात वावगे काय? औंधच्याच भिंतींवर प्रती टांगलेल्या आहेत की. आक्षेप बरोबर आहे, फक्त चित्राची नक्कल आणि फोटोची नक्कल यांत मोठा फरक आहे. रविवर्म्याच्या चित्रावरून काढणारा मुलगा एका जाणत्या माणसाचे निर्णय गिरवत असतो. सावली कुठे गडद करायची, कुठली कड विरू द्यायची, काय सोडून द्यायचे हे तिथे आधीच ठरलेले असते. मोबाइलचा फोटो असे काही ठरवत नाही. हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक फुगते आणि कान मागे पळतात, फ्लॅश सगळ्या सावल्या पुसून टाकतो आणि उरलेसुरले काम त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर उरकते. त्यावर चौकटी पाडून उतरवलेले चित्र तंतोतंत येते, चुकांसकट. वसंतदादा काढायचे तर आज फोटोशिवाय गत्यंतर नाही, हे कबूल. तैलचित्रे करणाऱ्यांनीही फोटो वापरलेच. पण शंभर जिवंत चेहरे काढलेल्या हाताला फोटोने काय लपवले आहे ते ओळखता येते. ज्याने फक्त फोटोच पाहिले त्याला ते कधी कळणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हुबेहूब चेहरा काढण्याची ही शिस्त इंग्रजी कलाशाळांनी आणलेली, ती आता जुनाट झाली, आणि मुलाच्या कल्पनेला बांधून टाकते, असे कलाक्षेत्रातलेच लोक म्हणतात. ती शिस्त इंग्रजांबरोबर आली हे खरे. आगगाडीही त्यांच्याचबरोबर आली, आणि तिच्यातून उतरायला कोणी तयार नाही. कल्पना बांधली जाण्याच्या भीतीला मात्र औंधमध्येच उत्तर आहे. त्याच संग्रहालयात हेन्री मूर यांचे आई आणि मुलाचे शिल्प आहे, आणि ओळखीच्या नाकीडोळ्यांच्या हिशेबात ते कुठेच बसत नाही. हे मूर मात्र समोर माणूस बसवून रेखाटन करण्याचा आग्रह आयुष्यभर धरत राहिले. मोडतोड करायची ती काय मोडतो आहोत ते ठाऊक असताना. यंत्र आता क्षणात चेहरा काढून देते, मग शिकायचे कशाला, हाही प्रश्न हल्ली विचारतात. कॅल्क्युलेटर आला म्हणून पाढे सोडले नाहीत, एवढेच त्यावर पुरे.

चित्रकार होणार नसलेल्या मुलाला याचा उपयोग काय, याचे उत्तर द्यायला सांगली जिल्ह्यातून बाहेर जावे लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायलाच जे. जे. मध्ये गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते, म्हणून रंगकाम सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, तेच त्यांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवले, आणि 1910 साली औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर कारखाना काढला. त्यांच्या बाबतीत रंग गेला तरी पाहणे गेले नाही. (चेहरा शिकायला रंग लागतही नाही, 6बी पेन्सिल आणि खिडकीचा उजेड पुरतो.) तरीही आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, भूमिती आणि अक्षरलेखन आहे, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा काढण्याची वेगळी प्रश्नपत्रिका नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे परीक्षेत जे नाही ते वर्गातही नाही. वस्तुचित्रात घागर आणि कांदे मांडतात. त्या मेजाशेजारी एक खुर्ची ठेवायला सरकारी आदेश कशाला हवा?

खुर्चीत बसणार कोण, हा प्रश्न उरतो. मुलेमुले आलटूनपालटून बसू शकतात, पण कोवळा, गुबगुबीत चेहरा काढायला सगळ्यात अवघड, त्यात हाड दिसत नाही. सुरुवात म्हाताऱ्या माणसापासून करावी. शाळेतले शिपाईमामा, पारावर उन्हाला बसलेले आजोबा, डबा घेऊन आलेली आजी यांना पंधरा मिनिटे खिडकीपाशी बसवावे, उजेड एकाच बाजूने घ्यावा. खोडरबर पहिली दहा मिनिटे दप्तरातच ठेवायला सांगावे आणि नाकाडोळ्यांच्या आधी डोक्याचा डौल, कानाची उंची, मानेचा कल पाहायला लावावा. पहिली चित्रे फसणारच, आणि आजोबा ती हातात घेऊन हसणारच. पण एखाद्या चित्राकडे बघून ते म्हणाले, ‘‘हा मी नव्हं, आमचा थोरला भाऊ दिसतोय,’’ तर शिक्षकाने ते चित्र जपून ठेवावे. त्या मुलाला हाड सापडले आहे, माणूस पुढच्या पंधरा मिनिटांत सापडेल.